पोर्ट्रेटसाठी सॉफ्टबॉक्स, ऑक्टा, छत्री की ब्युटी डिश? छोटा गाळा, दोन दिवे

तिपाई | १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

कणकवलीत बाजारपेठेच्या मागे वरच्या मजल्यावर एक गाळा भाड्याने घेतलाय. ११ बाय १४ फूट, छत ९ फूट, मधोमध पंखा. दहा वर्षं लग्नं-मुंजी केल्या, सगळं काम कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून. आता माणसाला एका जागी बसवून, वेळ देऊन चेहरे टिपायचे आहेत.

काम दोन प्रकारचं. एक, घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो. सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने लोक विचारतात. आमच्याकडे कितीतरी घरांत आजी-आजोबांचा भिंतीवर लावण्याजोगा फोटो शोधायला गेलं की कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला चेहरा निघतो. ते बघून मला फार वाईट वाटतं. दुसरं, दशावताराचे, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याचे, कलाकार. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की ही माणसं रोज रात्री वेगळ्या गावात असतात. म्हणून त्याआधीच, पूर्ण रंगवून, एकेकाला गाळ्यावर आणायचं ठरतंय. राजा, स्त्रीपार्ट (बाईची भूमिका करणारा पुरुष) आणि संकासुर (राक्षस).

४०० वॉट-सेकंदांचे दोन स्टुडिओ फ्लॅश आहेत, बोवेन्स माउंटचे (दिव्यापुढे वस्तू अडकवायची कडी बोवेन्स पद्धतीची). दोन स्टँड, आणि फ्लॅशबरोबर आलेले ७ इंची रिफ्लेक्टर, दिव्यावर बसणारे धातूचे कटोरे. बाकी काही नाही. १८,००० रुपये बाजूला काढलेत. त्यात नेमकं काय घ्यावं?

एकदा हात पोळलाय. गेल्या महिन्यात स्वस्त मिळाला म्हणून ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे लावायची कापडी पेटी) ऑनलाइन मागवला. पुढचं कापड इतकं विरविरीत की मधोमध दिव्याचा गोळा तसाच दिसायचा आणि उजेडाला पिवळट झाक. शेजारच्या काकूंच्या कपाळावर पांढरा चट्टा आला. परत पाठवला तर पैसे अर्धेच मिळाले.

---

खिडकीजवळ | १४ सप्टेंबर

दिव्यापुढे लावायच्या दोन पांढऱ्या छत्र्या घ्या, ४३ इंची. उजेड आरपार जातो, उघडली की लागली, बस्त्यासारखं बांधलं की झालं. माझी पाच वर्षं त्यावरच गेली. उरलेल्या पैशांत चांगला बॅकड्रॉप घ्या.

---

कंदील | १५ सप्टेंबर

तिपाई, आधी वस्तूंची नावं बाजूला ठेवा. मुंबईत शूटिंगला लाइटवर बावीस वर्षं काढली. तिथे चेहऱ्यापुढे काहीही लावताना आमचे उस्ताद एकच विचारायचे: माणूस बसलाय तिथून बघितलं तर दिवा केवढा दिसतो?

खरंच त्या खुर्चीवर जाऊन बसा आणि दिव्याकडे बघा. जेवढा मोठा दिसेल तेवढी सावली मऊ. सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर, पण १५ कोटी किलोमीटरवरून तो आपल्याला अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. म्हणून वैशाखात नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. आषाढात ढग दाटले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली शोधावी लागते. तुम्ही कोकणातले, तुम्हाला हे मी काय सांगायचं.

म्हणजे ९० सेंटिमीटरचा ऑक्टा (आठकोनी सॉफ्टबॉक्स) ९० सेंटिमीटरवर लावा की १८० चा १८० वर, सावलीचा मऊपणा सारखाच. वेगळं असतं ते उजेड किती लवकर उतरतो हे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, दोन स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). दिवा चेहऱ्यापासून २ फुटांवर आणि पलीकडचा खांदा दिव्यापासून ३ फुटांवर असेल, तर खांद्यावर चेहऱ्याच्या निम्म्याहूनही कमी उजेड पोचतो. तोच दिवा ६ फुटांवर नेला तर खांदा ७ वर जातो आणि फरक अर्ध्या स्टॉपच्याही आत येतो. एकटे आजोबा बसवले असतील तर पहिलं छान, चेहरा उजळ आणि अंग हळूहळू अंधारात जातं. आजी-आजोबा शेजारी शेजारी बसले की दिवा मागे घ्यावाच लागतो, नाहीतर आजी उजळलेल्या आणि आजोबा काळवंडलेले.

आता तुमचं छत. माणूस स्टुलावर बसला की डोळे जमिनीपासून साधारण ४ फुटांवर. दिव्याचा मध्य त्याच्या दीड-दोन फूट वर हवा, म्हणजे ६ च्या आसपास. दीडशे सेंटिमीटरचा ऑक्टा लावला तर त्याचा वरचा काठ साडेआठ फुटांवर जातो आणि पंख्याचं पातं त्यात अडकतं. तुमच्या गाळ्याला ९० ते १०० सेंटिमीटरच बरोबर. त्याहून मोठा घेतलात तर तो नेहमी भिंतीला टेकून उभा राहील.

आणि एक विचारायचं राहिलं. भिंतींचा रंग कोणता?

---

तिपाई | १५ सप्टेंबर

कंदीलदादा, पिस्ता. मालकाने नुकताच काढून दिलाय.

---

कंदील | १५ सप्टेंबर

तरीच विचारलं. मग खिडकीजवळ यांची छत्री तुमच्याकडे नको. छत्री वाईट नाही, मोठ्या खोलीत मी आजही लावतो. पण आरपार छत्रीतून उजेड पुढे जातो तसाच बराचसा उलटाही फिरतो. ११ फुटांच्या खोलीत तो चारी भिंतींवर आपटून परत चेहऱ्यावर येणार. मग भिंतीसुद्धा दिवे होतात, आणि तुमचे ते दिवे पिस्ता रंगाचे. जबड्याखाली, मानेवर, पांढऱ्या केसांत हिरवी झाक येईल. गहूवर्णी कातडीवर हिरवं फार आजारी दिसतं आणि नंतर कॉम्प्युटरवर काढताना जीव जातो, कारण ते फक्त सावलीत असतं, उजेडात नसतं.

---

खिडकीजवळ | १५ सप्टेंबर

हे पटलं. माझा स्टुडिओ म्हणजे जुनी गोदामाची जागा, छत १४ फूट, भिंती चुन्याच्या. मला हा त्रास कधी झालाच नाही म्हणून डोक्यात आलं नाही.

तरी एक सांगतो, भिंतीवर आपटलेल्या उजेडाला सरसकट नावं ठेवू नका. म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्याला तोच सगळ्यात मवाळ.

---

कंदील | १६ सप्टेंबर

नावं कशी ठेवीन? आमची सगळी विद्या त्यावरच उभी आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ सिनेमासाठी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. अशा चौकात वरून आभाळाचा उजेड येतो, त्याला एकाच बाजूची सावली नसते. कॅमेरामन सुब्रत मित्रांनी सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परत आलेल्या उजेडात चित्रण केलं. बघणाऱ्याला ते खरं अंगण वाटतं. पण ते कापड पांढरं होतं. पिस्ता असतं तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

तिपाई, भिंत रंगवू देत नसतील तर दोन बाजूंना तारेवर काळं कापड सोडा, पडद्यासारखं सरकणारं. आणि ८ बाय ४ फुटांचा एक सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ पत्रा) फ्लेक्सवाल्याकडून आणा, एक बाजू पांढरी, दुसरीला काळं कापड चिकटवलेलं. सावली उघडायची तर पांढरी बाजू चेहऱ्याकडे, गडद करायची तर काळी. दुसरा दिवा भरणीसाठी, म्हणजे सावलीत उजेड भरायला, खर्च करू नका, तो पुढे दुसऱ्या कामाला लागेल.

---

माउंट | १६ सप्टेंबर

छोटी सूचना. बोवेन्स कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचं माउंट इतर कंपन्यांनी उचललं, त्यामुळे ॲक्सेसरीज मुबलक मिळतात. घेताना दोन गोष्टी हाताने तपासा: कडी घट्ट बसते का, आणि आत दुसरं डिफ्यूजर, म्हणजे उजेड पसरवणारं, कापड आहे का. तुमच्या काकूंच्या कपाळावर चट्टा आला तो आतलं कापड नसल्यामुळे.

---

रंगपेटी | १७ सप्टेंबर

मी फोटोग्राफर नाही, व्यक्तिचित्रं रंगवते. धागा वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे उजेड कुठे पडतो ते बोलताय. आम्हाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आधी शिकवलं ते उजेड कुठे थांबतो ते बघायला. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, म्हणजे तुमच्याच मुलखातले. त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बाईच्या हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. त्या बोटांमुळे दिव्याचा उजेड आपल्या डोळ्यांत येत नाही, बोटांच्या कडा लालसर पेटतात आणि उरलेला उजेड चेहऱ्यावर चढतो. तुमच्या भाषेत त्या आडोशाला काय म्हणतात?

---

कंदील | १७ सप्टेंबर

कटर. सेटवर काळ्या कापडाच्या चौकटीला आम्ही कटर म्हणतो. ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत.

---

रंगपेटी | १७ सप्टेंबर

मग तिपाईंना माझं एवढंच सांगणं: जे घ्याल त्याला आडोसा घालता येतो का ते बघा. वयस्क चेहऱ्यावर सगळीकडून मऊ उजेड टाकला तर सुरकुत्या जातात, आणि त्यांच्याबरोबर माणूसही जातो. रेम्ब्राँट या डच चित्रकाराच्या नावाने तुम्ही लोक सावलीतल्या गालावरचा तो उजेडाचा त्रिकोण ओळखता. त्रिकोण दिसतो कारण त्याच्या तिन्ही बाजूंना अंधार ठेवलेला असतो.

---

घुंगरू | १८ सप्टेंबर

तिपाईदादा, मी पुण्यात नृत्य आणि नाटकवाल्यांचे पोर्ट्रेट करते. तुमच्या दशावताराबद्दल लिहिते, कारण वरची सगळी चर्चा आजी-आजोबांकडे झुकली आहे.

रंगवलेला चेहरा आणि साधा चेहरा यांना एकाच मापाने मोजू नका. साध्या कातडीला तेलकटपणा असतो. तिथे मोठा दिवा जवळ असला की चकाकी पसरट आणि मंद होते, म्हणून तो गोड दिसतो. रंगमंचाचा रंग मुळात लांबून, मंडपातल्या उजेडात दिसायला लावलेला असतो. भुवईची रेघ, ओठांची कड, गालावरची लाली, सगळं ठसठशीत. त्यावर तुम्ही मोठा मऊ ऑक्टा धरलात की रंग सपाट पडतो, मुखवट्यासारखा.

मी अशा कामाला ब्युटी डिश (परातीसारखा पसरट रिफ्लेक्टर) लावते, ५५ सेंटिमीटरची, आतून पांढरी. दिव्यासमोर जी छोटी वाटी असते ती थेट उजेड अडवते आणि उजेड कडेने फिरून येतो. कपाळ, गालाचं हाड, हनुवटी उठून येतात, आणि सावलीला कड राहते पण बोचत नाही. चेहऱ्यापासून अडीच-तीन फुटांत ठेवायची. लांब नेली की ती साधी कडक बत्ती होते आणि घेतलीत त्याचा उपयोग राहत नाही.

जरीकाठ, मुकुटाचे आरसे, चकमकी यांना तर बारीक दिवाच हवा. मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये आरसा पांढरा फटक दिसतो, छोट्या दिव्यात चमकतो.

---

खिडकीजवळ | १८ सप्टेंबर

घुंगरूताई, स्त्रीपार्टाला नथ असते. डिशमध्ये नथीची सावली ओठावर पडते त्याचं काय करता?

---

घुंगरू | १८ सप्टेंबर

ठेवते. मंचावर पण पडतेच की. मला ती नथीइतकीच दागिना वाटते.

---

तिपाई | २९ सप्टेंबर

उशीर झाला, पितृपक्षात गाळा बंद होता आणि मध्ये चार दिवस पाऊस. पण करून बघितल्याशिवाय परत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

कोल्हापूरच्या एका मित्राकडून ९५ सेंटिमीटरचा ऑक्टा आणि ५५ ची ब्युटी डिश चार दिवसांसाठी आणली. चुलतवहिनींना नथ घालून स्टुलावर बसवलं. मोत्यांची, आमच्या घरातली जुनी. नाकापासून डावीकडे ४५ अंशांवर, डोळ्यांच्या दोन फूट वर, दर वेळी दिवा त्याच जागी. अंतर शिंप्याच्या टेपने मोजलं. जे दिसलं ते तसंच लिहितो.

७ इंची रिफ्लेक्टर ३ फुटांवर: वरच्या ओठावर नथीची सावली, मोती मोजता येत होते. सात.

ब्युटी डिश ३ फुटांवर: सावली आहे, नथीचा आकार कळतो, मोती एकमेकांत मिसळलेले. घुंगरूताई म्हणाल्या तसं गालाचं हाड उठून आलं.

ऑक्टा ३ फुटांवर: ओठावर फक्त जरासा काळसरपणा. नथ माहीत नसेल तर सावली आहे हे कळणारही नाही.

मग सहज म्हणून ऑक्टा मागे नेला, थेट ६ फुटांवर, दारात. आणि नथीची सावली परत आली! जवळपास डिशसारखीच. मी दोन्ही फोटो शेजारी लावून कितीतरी वेळ बघत बसलो. कंदीलदादांनी पहिल्याच प्रतिसादात हे सांगितलं होतं, पण डोळ्यांना दिसल्याशिवाय माझ्या डोक्यात गेलं नव्हतं. ५५ ची डिश ३ फुटांवर आणि ९५ चा ऑक्टा ६ फुटांवर, चेहऱ्याच्या जागेवरून दोन्ही साधारण तेवढेच दिसतात.

फरक एवढाच की ऑक्टा मागे नेल्यावर उजेड सगळ्या भिंतींवर गेला आणि पिस्ता रंग वहिनींच्या मानेवर उतरला. ग्रिड, म्हणजे उजेड बाजूला सांडू न देणारी कापडी चौकटींची जाळी, लावल्यावर तो गेला. ग्रिडने उजेड बराच खाल्ला, पॉवर वाढवावी लागली, पण ४०० ला ते सहज झेपलं.

आजोबांचा प्रश्न वेगळाच निघाला. माझ्या वडिलांना बसवलं, जाड भिंगांचा चष्मा. ३ फुटांवरचा ऑक्टा दोन्ही काचांत पूर्ण दिसतो. वर घेतला तर डोळ्यांखाली सावली, बाजूला नेला तर एक काच सुटते आणि दुसरी धरते. चष्मा काढायला सांगितला तर म्हणाले, “मग तो माझा फोटो कसला?” बरोबर आहे त्यांचं. पन्नास वर्षं नाकावर आहे तो.

---

कंदील | २९ सप्टेंबर

शाबास. मोजून केलंत, आता कुणी काही सांगितलं तरी फसणार नाही.

चष्म्याचं: काच म्हणजे आरसा. दिवा जेवढा मोठा आणि जवळ, तेवढा तो आरशात जास्त जागा अडवणार. मऊपणाची ही किंमत आहे. तीन गोष्टी एकत्र करा. दिवा थोडा लहान, म्हणजे ऑक्टा ४-५ फुटांवर. दिवा आणखी अर्धा फूट वर. आणि चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी थोड्या, बोटाच्या पेराएवढ्याही नाही, वर उचला. काचा खाली झुकतात आणि दिवा त्यांच्यातून निसटतो. समोरून बघणाऱ्याला चष्मा सरळच दिसतो. डोळ्यांखाली जी सावली येईल तिच्यासाठी वडिलांच्या मांडीवर पांढरा सनबोर्डाचा तुकडा.

---

रंगपेटी | ३० सप्टेंबर

मांडीवर पांढरी वही किंवा वर्तमानपत्र उघडं ठेवलं तरी चालेल का? म्हणजे ते फोटोतही येईल आणि त्यांचा हातही त्यावर राहील. वयस्क माणसांना हात कुठे ठेवायचे हा मोठा प्रश्न असतो.

---

तिपाई | ३० सप्टेंबर

ताई, किती सुंदर! करतो.

---

घुंगरू | ३० सप्टेंबर

प्रयोग आवडला. पण डिश आणि लांबचा ऑक्टा सारखे म्हणू नका, सावलीची कड सारखी असेल. डिश जवळ असते, त्यामुळे कपाळ उजळ आणि छातीपर्यंत येईतो उजेड उतरलेला. ऑक्टा ६ फुटांवर असला की कपाळापासून कमरेपर्यंत जवळपास एकसारखा. स्त्रीपार्टाच्या चेहऱ्याला मी अजूनही डिशच म्हणेन. मात्र लुगडं, दागिने, हात सगळं दाखवायचं असेल तर तुमचा ऑक्टा बरा.

---

तिपाई | १ ऑक्टोबर

मान्य. मला पूर्ण वेष दाखवायचा आहे, पेटाऱ्यातून निघालेलं सगळं. म्हणून ऑक्टा ग्रिडसकट नक्की. पैसे उरतात तेवढ्यात एकच मोठी वस्तू येईल. आता संकासुराचं सांगा. काळा पोषाख, काळा मुखवटा, लोंबती लाल जीभ. काल एक काळी घोंगडी खुर्चीवर टाकून ऑक्टाने फोटो काढला तर नुसतं भोक पडल्यासारखं दिसलं. पॉवर वाढवली तर मागची भिंत उजळली, घोंगडी तशीच.

---

कंदील | १ ऑक्टोबर

काळ्या कापडाला समोरून कितीही उजेड द्या, ते गिळतं. काळं दिसतं ते त्याच्या चकाकीने आणि कडेने. म्हणून दिवा मागून बाजूला, कापडावरून घासत जाणारा. तिथे उंच आणि अरुंद दिवा लागतो, डोक्यापासून पायापर्यंत एक रेघ ओढणारा. स्ट्रिप सॉफ्टबॉक्स, ३० बाय १२० च्या आसपास, आणि ग्रिड हवाच, कारण दिवा जवळजवळ कॅमेऱ्याकडे तोंड करून असणार. ग्रिड नसेल तर लेन्समध्ये धुकं येतं आणि काळं राखाडी होतं.

उरलेले पैसे त्याला. दुसरा दिवा भरणीत घालवू नका म्हटलं होतं ते यासाठीच.

---

घुंगरू | १ ऑक्टोबर

अनुमोदन. आणि राजाच्या मुकुटाला वेगळं काही विकत घेऊ नका. ७ इंची रिफ्लेक्टर आहेच, त्याला बसणारी २० अंशांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी घ्या, स्वस्त मिळते. मागून वरून फक्त मुकुटावर टाका. पॉवर सगळ्यात कमी.

---

माउंट | २ ऑक्टोबर

दोन काळजीच्या गोष्टी. ऑक्टा लावल्यावर स्टँडचं तोंड जड होतं, लहान मुलं आणि पदर दोन्ही त्यात अडकतात. पायावर वाळूची पिशवी टाकल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका. आणि तुमच्याकडच्या दमट हवेत सॉफ्टबॉक्स ओलसर असताना घडी करून ठेवला तर पुढच्या कापडावर बुरशीचे ठिपके पडतात, ते निघत नाहीत आणि उजेडाला डाग लागतो. वापरला की तासभर पंख्याखाली उघडा ठेवा.

---

तिपाई | २१ ऑक्टोबर

ऑक्टा ९५ ग्रिडसह, स्ट्रिप ग्रिडसह, जाळी, सनबोर्ड, काळं कापड. १८,००० मध्ये बसलं, थोडे उरले त्यातून वाळूच्या पिशव्या शिवून घेतल्या. दोन्ही बॉक्स हातात घेऊन, आतलं कापड आहे ना ते बघूनच पैसे दिले.

परवा कलाकार आले. दुपारी तीनला गाळ्यावर येऊन स्वतःच आरसा मांडून रंगायला बसले. स्त्रीपार्ट करणाऱ्या दादांनी दीड तास घेतला. शेवटी नथ चढवली आणि एकदम बसण्याची ढबच बदलली, खांदे आत आले, मान कलली. मी नुसता बघत राहिलो.

त्यांचा फोटो ऑक्टा ५ फुटांवर ठेवून काढला, थोडासा चेहऱ्यावरून फिरवून, म्हणजे मधला भाग त्यांच्या पुढून जाईल आणि चेहऱ्यावर कडेचा उजेड येईल असा. नथीची सावली ओठाच्या कोपऱ्यात राहिली, पण टोचत नाही. घुंगरूताई, काढली नाही.

राजाला जाळी लावली. मुकुटाच्या आरशांत एकेक ठिणगी आली आणि चेहरा मऊ राहिला. पहिल्या वेळी जाळीचा उजेड कानावर सांडला होता, सनबोर्डाचा तुकडा मध्ये धरून थांबवला. माझा भाचा कटर धरून उभा होता, हात दुखेपर्यंत.

संकासुराला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्ट्रिप डावीकडून मागे, मुखवट्याच्या कडेवरून एक पांढरी रेघ खाली पायापर्यंत. ऑक्टा सगळ्यात कमी पॉवरवर, फक्त त्या जिभेसाठी. काळ्यात काळं होतं तिथून अचानक कापडाच्या चुण्या दिसायला लागल्या. धुवून धुवून भुरकट झालेलं कापड आहे ते, गुडघ्यावर ठिगळ आहे, तेही आलं. आधी वाटलं लपवावं, मग राहू दिलं.

स्त्रीपार्टवाले दादा रंग उतरवून, लुंगी नेसून, कॅमेऱ्याच्या पडद्यात बघायला आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी असो दिसतंय?” वीस-बावीस वर्षं काम करतायत. आजवर त्यांनी स्वतःला फक्त रंगायच्या छोट्या आरशात बघितलं होतं, तेही तुकड्यातुकड्याने, आधी डोळा, मग ओठ.

छोटी प्रिंट मागितली त्यांनी, पेटाऱ्याच्या झाकणाला आतून लावायला. उद्या कुडाळला जाऊन काढून आणतो.

---

रंगपेटी | २१ ऑक्टोबर

मॅट कागदावर काढा. पेटाऱ्याजवळ बत्ती असते, चकचकीत कागदावर ती चमकेल आणि चेहरा दिसणार नाही.